गरवणाऱ्याची वही

१९४६ सालच्या मार्च महिन्यात म्हैसूरनजीक कबिनी नदीवर व्हॅन इंगेन आडनावाच्या एका गृहस्थांच्या गळाला एक मासा लागला आणि काठावर आणून तोलला तेव्हा त्याचे वजन १२० पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे ५४ किलो भरले. शिकारीत मारलेल्या वाघ-बिबळ्यांची कातडी पेंढा भरून जिवंतवत् उभी करण्याच्या कलेत हे घराणे साऱ्या हिंदुस्थानात विख्यात होते, त्यामुळे मोठ्या जनावराचे त्यांना अप्रूप वाटावे असे काही नव्हते. तरीही गोड्या पाण्यातला, तळहाताएवढ्या खवल्यांचा आणि मानेमागून एकाएकी उंच चढत गेलेल्या कुबडाचा हा मासा पुढे कित्येक दशके गरवणाऱ्यांच्या गोष्टींत विक्रम म्हणून सांगितला गेला. तो कावेरीच्या खोऱ्यातला कुबडा महसीर होय. कावेरी आणि तिच्या उपनद्या सोडल्या तर पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोणत्याही नदीत तो निसर्गतः आढळत नाही, आणि २०१८ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात, म्हणजे नामशेष होण्याच्या अलीकडच्या शेवटच्या पायरीवर करण्यात आली.

याहून विस्मयाची गोष्ट अशी की, ज्या माशाची छायाचित्रे देशोदेशींच्या पुस्तकांत छापून आली होती, त्याला त्या साली कुठे शास्त्रशुद्ध नाव मिळाले. हा नावाचा घोळ आपल्या मुलखाशीही निगडित आहे. मुंबई सरकारच्या वतीने दख्खनच्या लोकसंख्येची, पिकांची आणि प्राणिजातींची मोजदाद करण्यासाठी नेमलेले कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या नद्यांतील माशांचीही वर्णने लिहून ठेवली. पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात त्यांना जो महसीर मिळाला, त्याला त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडचेच नाव देऊन ‘खुद्री’ म्हणून नोंदविले, आणि अशाच दुसऱ्या एका लोकनामावरून ‘मुसुल्ला’ हे नाव एका वेगळ्या माशाला दिले. पुढे हे ‘मुसुल्ला’ नाव कावेरीच्या कुबड्या महसीराला चुकीने चिकटले आणि बराच काळ तसेच राहिले. दरम्यान २००७ साली केरळातील पांबार नदीतून, म्हणजे कावेरीच्याच एका दूरच्या उपनदीतून, ‘टोर रेमादेवी’ या नावाने एका महसीराचे वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु हा लहानसा मासा आणि कावेरीतला तो अजस्र कुबडा हे दोन्ही एकच आहेत, हे सिद्ध व्हायला २०१८ साल उजाडावे लागले. ज्याला नाव नाही त्याला कायद्याच्या दफ्तरात जागा मिळत नाही, आणि ज्याची दफ्तरात नोंद नाही त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणत्याही अंमलदाराच्या शिरावर येत नाही. एखाद्या जातीचे ओळखपत्रच असे पाऊण शतक गहाळ राहावे, हे मला तिच्या हलाखीच्या कारणांपैकी एक मोठे कारण वाटते.

मग तो नाहीसा होत चालला आहे, हे तरी कोणाला आणि कसे कळले? या प्रश्नाच्या उत्तरासाठीच हा लेखनप्रपंच आहे, कारण ते कळले ते गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसांच्या वहीतून.

गळाने मासे धरणे हा छंद साहेबाने आपल्याकडे आणला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या प्रचंड संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि गळाने मासे कसे धरावेत याची चर्चा तेथे राजाला शोभेल अशा तपशिलाने केलेली आहे. कोकणात तर आजही खाडीच्या काठी पोरे ‘गरवायला’ जातात. हातात काठी, तिला दोरी, दोरीला गरी आणि गरीला कोळंबीचा तुकडा, एवढ्या सामग्रीवर त्यांची दुपार सुखाने जाते. मीही त्यांतलाच एक होतो, आणि भरतीच्या पाण्याकडे टक लावून बसण्याची जी सवय त्या वयात डोळ्यांना लागली, तिच्याइतके नदीचे ज्ञान पुढे कोणत्याही पुस्तकाने मला दिले नाही.

इंग्रजी अमदानीत मात्र महसीराला हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीत अग्रपूजेचा मान मिळाला. १८७३ साली थॉमस नावाच्या सनदी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिले आणि त्यायोगे या माशाची कीर्ती विलायतेस पोहोचली. स्वातंत्र्यानंतर साहेब गेले आणि त्यांच्यामागे हा खेळही मंदावला. कावेरीत असले मासे आता उरले नसावेत असे परदेशी गरवणारे बोलू लागले असतानाच, १९७७ साली तीन तरुण इंग्रज शोध घेत घेत तेथे आले आणि मासे अजून आहेत अशी वार्ता घेऊन परत गेले. त्यानंतर कर्नाटकात भीमेश्वरी, दोड्डमक्कळी, गालीबोरे या ठिकाणी नदीकाठी तळ उभे राहिले आणि तेथे एक शिरस्ता कायम झाला: मासा धरावा, तोलावा, वहीत त्याची नोंद करावी आणि त्याला पुन्हा नदीत सोडून द्यावे.

या शिरस्त्याचा खरा लाभ काठावरच्या गावांत दिसून आला. नदीत सुरुंगाची दारू टाकून एका धमाक्यात डोहच्या डोह मारण्याचा धंदा तेथे चालत असे, आणि जे हात तो करीत होते त्यांपैकी कित्येक हात या तळांवर वाटाड्ये, नावाडी आणि राखणदार म्हणून कामाला लागले. पाण्याचा प्रत्येक खडक, प्रत्येक भोवरा त्यांना ठाऊक होता. बांबूच्या कामट्या विणून वर कातडे अथवा ताडपत्री मढवलेल्या, परातीसारख्या गोल होड्या ते असे चालवीत की, गळाला लागलेला मासा खडकांच्या भुलभुलैयात शिरला तरी त्याच्या मागोमाग जाऊन दोरी सोडवून आणीत. जिवंत माशाच्या पाठीमागे वर्षानुवर्षे रोजगार येतो आणि मेलेल्या माशामागे एकाच दिवसाची मिळकत, हा हिशेब त्यांना कोणी व्याख्याने देऊन शिकवावा लागला नाही.

आता त्या वहीकडे वळू. गालीबोरेच्या तळावरील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदवह्या पुढे अभ्यासकांच्या हाती आल्या. गरवणाऱ्यांनी एकूण २३,६२० तास पाण्यात गळ टाकला होता आणि त्यांच्या गळाला ६,१६१ महसीर लागले होते. त्यांतला सर्वांत लहान अर्ध्या किलोहूनही कमी, तर सर्वांत मोठा ४६.८ किलोंचा होता. कोणत्याही सरकारी खात्याने वा विद्यापीठाने एवढे मनुष्यतास नदीकाठी खर्च करायचे म्हटले असते तर त्याचा खर्च कोणाला पेलवला नसता, आणि येथे ते काम लोकांनी स्वतःच्या पैशाने व स्वतःच्या आनंदासाठी केले होते. वरवर पाहता या आकड्यांत समाधान मानावे असेच चित्र होते. ताशी मिळणाऱ्या माशांची संख्या वर्षागणिक वाढत होती आणि त्यांचे सरासरी वजन घटत होते, म्हणजेच नवी पिढी जोमाने येत होती. राखण चांगली झाली की नदी कशी भरून येते, याचा तो पुरावाच होता.

परंतु वही लिहिणाऱ्यांनी नुसती संख्या लिहिली नव्हती. महसीर कोणत्या जातीचा, सोनेरी अंगाचा व नारिंगी परांचा कुबडा की निळसर परांचा दुसरा, हेही ते लिहीत आले होते. आणि जेव्हा अभ्यासकांनी हे दोन रकाने वेगळे काढले, तेव्हा एका भयंकर गोष्टीचा उलगडा झाला. वाढत होता तो निळसर परांचा मासा. कुबडा वर्षागणिक दुर्मीळ होत गेला होता, आणि जे थोडे मिळत होते ते बहुतेक मोठे, वयस्क. त्यांची पिलावळ गळाला जवळजवळ लागतच नव्हती. एका घराचे अंगण मुलांनी भरलेले असावे आणि शेजारच्या घरात केवळ म्हातारी माणसे उरावीत, तसा हा प्रकार होता. दोन्ही घरांची माणसे एकत्र मोजली असती तर मोजणाराला गाव भरभराटीला आले आहे असेच वाटले असते.

आणि हा निळसर परांचा मासा तेथे आला कोठून? मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण तो आपल्याकडचा आहे. साइक्ससाहेबांनी मुळा-मुठेच्या काठी ज्याला ‘खुद्री’ म्हटले तोच तो. लोणावळ्याला वळवण धरणाच्या पायथ्याशी टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीराच्या पैदाशीचे केंद्र सुरू केले. प्रगल्भ मादीच्या पोटावरून हलक्या हाताने अंडी काढून, त्यांवर नराचे बीज मिसळून, वाहत्या स्वच्छ पाण्यात ती उबवण्याची विद्या तेथे सिद्ध झाली आणि लक्षावधी पिले तयार होऊ लागली. हे काम थोर होते, आणि दख्खनच्या धरणांमुळे अंडी घालण्याची ठिकाणे गमावलेल्या माशाला त्याने आधार दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. मात्र ही पिले देशातील इतर नद्यांप्रमाणे कावेरीतही सोडण्यात आली. सोडणारांचा हेतू निर्मळ होता: महसीर कमी झाले आहेत, म्हणून महसीर सोडावेत. महसीर म्हणजे एकच मासा नव्हे, कावेरीचा महसीर निराळा आणि भीमा-कृष्णेचा निराळा, ही गोष्ट त्या काळी कोणाच्या ध्यानी आली नाही, कारण कुबड्याला अजून नीट नावही नव्हते. पाहुणा जोमाने वाढला आणि यजमान मागे हटला. धरणे, वाळूउपसा, सुरुंग, विष हे कुबड्याचे इतर वैरी होतेच. त्यांत आमच्या नदीच्या लेकराचीही भर पडली, याची रुखरुख मला लागून राहिली आहे.

२०१२ साली वन्यजीव संरक्षणाच्या कायद्याचा अर्थ लावताना, अभयारण्यातील गळाची मासेमारी, मग मासा सोडून देणारी का असेना, निषिद्ध ठरली आणि कावेरीवरचे हे तळ बंद झाले. कायद्याच्या शब्दापुढे वाद घालण्याचा माझा मानस नाही, आणि अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन कोणी जाऊ नये हेही निक्षून सांगतो. परंतु तळ उठले तशी वहीही मिटली, राखणदारांचा रोजगार गेला आणि सुरुंगवाल्यांवरची नजरही हटली, असे मत या माशाचा अभ्यास करणाऱ्यांनी मांडले आहे, आणि मला ते ग्राह्य वाटते. आज कुबड्याची जी काही वसती उरली आहे ती मुख्यत्वे मोयार नदीत, कर्नाटक व तमिळनाडू यांच्या सीमेवर, मुदुमलईच्या अरण्यालगतच्या खोल दरीत.

हा सारा इतिहास सांगण्याचे कारण असे की, गळ टाकणारा माणूस नदीचा शत्रूही होऊ शकतो आणि पहारेकरीही; तो कोण होतो हे पुष्कळसे त्याच्या हातांवर अवलंबून असते. म्हणून आता थोडे हातांविषयी.

परवानगी ही पहिली गोष्ट. आपल्याकडचे बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात; त्यांना विचारल्यावाचून गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणे होय. त्यानंतर गरीची निवड. गरीच्या टोकामागे जो उलटा काटा असतो, तो मासा सुटू नये म्हणून असतो. ज्याला मासा सोडायचाच आहे त्याने तो पकडीने दाबून सपाट करावा, आणि तीन तोंडांच्या गरीऐवजी एकच गरी वापरावी, म्हणजे ती ओठातून क्षणात निघते आणि जबडा फाटत नाही. दोरी भक्कम असावी. बारीक दोरीने मोठ्या माशाला तासभर झुंजवण्यात पराक्रम मानणारे लोक आहेत, परंतु त्या तासात माशाच्या स्नायूंत इतका शीण साठतो की, सोडल्यावर तो डौलाने निघून गेल्यासारखा दिसला तरी पुढे दगावू शकतो. उन्हाळ्यात पाणी तापलेले आणि उथळ असते, त्यात प्राणवायू कमी असतो. अशा दिवसांत दुपारी गळ न टाकणेच श्रेयस्कर. पावसाळ्यात महसीर लोंढ्याविरुद्ध वर चढून स्वच्छ, खळाळत्या पाण्यातल्या गोट्यांवर अंडी घालतो. त्या वाटेवर त्याला कोणीही अडवू नये, हे सांगायला कायद्याची गरज पडू नये.

मासा जवळ आला की त्याला पाण्याबाहेर काढण्याची घाई होते, आणि बहुतेक अपघात त्या घाईत घडतात. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत आहे. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा तापलेल्या खडकावर टेकवून ते खरवडले गेले की तेथे बुरशी धरते. म्हणून हात आधी पाण्यात भिजवावेत, मऊ आणि गाठी नसलेल्या जाळीत मासा पाण्यातच राहू द्यावा आणि गरी तेथेच काढावी. पाण्यात असताना त्याचे वजन पाणी पेलते. कल्ल्यात बोटे घालून त्याला उभा टांगला की तेच वजन त्याच्या आतड्यांवर आणि मणक्यावर येते. छायाचित्र हवेच असेल तर दोन्ही हातांचा आधार देऊन, आडवा धरून, आपला श्वास जितका वेळ सहज रोखता येईल त्याहूनही कमी वेळात ते काढावे. जुन्या काळी कावेरीवर ओठातून दोर ओवून मासा रात्रभर काठाशी बांधून ठेवीत, सकाळच्या उजेडात चित्र चांगले येई म्हणून. असल्या सुंदर चित्रांची किंमत कोणी दिली हे आता सांगायला नको. सोडताना त्याचे तोंड मंद प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात ठेवून वाट पाहावी. कल्ले नीट उघडमीट करू लागले, शेपटीत बळ आले की तो स्वतःच हात झिडकारून जातो. त्या झिडकारण्यात जे सुख आहे, ते ज्याने अनुभवले त्याला ताटातल्या तुकडीची आठवण होत नाही.

त्यानंतर वही. तारीख, जागा, पाण्याची स्थिती, किती तास गळ टाकला, काय मिळाले, आणि काहीच मिळाले नसेल तर तेही. ‘काही नाही’ ही नोंद लोक लिहीत नाहीत, पण रिकाम्या तासांचा हिशेब नसेल तर भरलेल्या तासांना काही अर्थच राहत नाही. बाजूने घेतलेले एक स्वच्छ छायाचित्र, परांचा रंग आणि डोक्यामागचा बाक दिसेल असे, जातीच्या ओळखीला पुरते. फक्त दुर्मीळ माशाची नेमकी जागा चारचौघांत जाहीर करू नये. ती अभ्यासकांना कळवावी, कारण बातमी वाचणारांत सुरुंगवालेही असतात.

होडीवाल्यांचे काम थोडक्यात सांगतो. तापोळ्याला कोयनेच्या शिवसागरात असो वा पुण्याजवळच्या एखाद्या धरणात, यांत्रिक होडी उथळ काठावरून वेगाने नेली की तिच्या लाटा काठ ढासळवतात आणि गढूळ गाळ गोट्यांवर बसून अंडी गुदमरतात. म्हणून उथळात गती मंद ठेवावी, गोट्यांच्या पात्रात नांगर टाकू नये आणि तेलाचा थेंब पाण्यात पडू देऊ नये. एका जलाशयातून दुसऱ्यात होडी नेताना तळातले पाणी उपसून, जलपर्णीचा एकेक तंतू काढून, ती उन्हात खडखडीत वाळवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, नावाडी अशा वेळी पाण्यावर असतो जेव्हा दुसरे कोणी नसते. स्फोटाचा आवाज, पांढरे पोट वर करून तरंगणारे मासे, विजेच्या तारा पाण्यात सोडलेली टोळी या गोष्टी प्रथम त्याच्या दृष्टीस पडतात, आणि त्याने वेळीच वर्दी दिली तरच पुढचा बंदोबस्त शक्य होतो.

नको झालेला मासा नदीत सोडण्याची दया मात्र कोणीही करू नये. घरातल्या काचपेटीतला ‘सकर’ असाच उजनीत पोहोचला आणि मच्छीमारांची जाळी फाडू लागला. तिलापियाने आमच्या किती ओढ्यांत ठाण मांडले आहे हे सांगायलाच नको. आमिष म्हणून नेलेले जिवंत मासे उरले तर तेही परक्या पाण्यात टाकू नयेत. पुण्यकर्म म्हणून मत्स्यबीज सोडण्याचे समारंभ होतात, त्या वेळी निमंत्रितांपैकी एकाने तरी विचारावे की, हे बीज कोणत्या नदीचे आहे आणि ही नदी कोणती.

महाडच्या वरच्या अंगाला काळ नदीवर वाळण कोंड नावाचा खोल डोह आहे. काठाला देवीचे स्थान आहे आणि त्या डोहातला मासा धरायचा नाही, अशी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची आण आहे. ती कोणत्याही कायद्याने घातलेली नाही आणि तिला पहारेकरीही लागत नाही. येणारा माणूस मूठभर चुरमुरे पाण्यावर टाकतो आणि तळाच्या काळोखातून खुद्री महसीर वर येतात, एकामागून एक, जाड ओठ उघडीत, पाठीचे खवले उन्हात चमकवीत. कावेरीच्या काठचा जो नावाडी आता तळ उठल्यावर घरी बसला असेल, त्याला हे मासे दाखवले तर तो त्यांना तत्काळ ओळखील, आणि मग कदाचित विचारील की, नारिंगी परांचा यांत एखादा आहे का. येथे तो असणार नाही, असूही नये.